दुसऱ्याच्या दोराला हात

फ्रिस्को, टेक्सस
३ सप्टेंबर २०२५

भावोजी, नमस्कार.

प्रीताला मुद्दाम फोन केला नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुमची लेक मध्ये बसते आणि इकडचं तिकडे ओरडून सांगते. हे तिने ओरडून सांगावं असं नाही, म्हणून कागद घेतला. तुम्हालाही पत्रच आवडतं. जन्मभर लॉरी चालवलेल्या माणसाला पोस्टमनचं एवढं प्रेम का, ते मला कधी कळलं नाही.

यतीनला इंटरनेटवर एक पान सापडलंय. स्कॉटलंडमधले जुने ड्रायव्हर तिथे आपापल्या कंपन्यांचे आणि लॉऱ्यांचे फोटो टाकतात. कंपन्या कधीच्या बुडाल्या, लॉऱ्या भंगारात गेल्या, पण म्हाताऱ्यांचा उत्साह बघावा. कुठल्या लॉरीचा हिरवा रंग नक्की कोणता होता यावरून दोघे आठवडाभर हमरीतुमरीवर आले होते. तुमच्या मॅककेरल कंपनीचाही भाग आहे त्यात. तुम्ही आणि हे, दोघे एका लॉरीला टेकून उभे आहात असा फोटो आहे. तुमच्या डोक्यावर केस आहेत.

आधी मला बरं वाटलं. यतीन तीन वर्षांचा असताना ह्यांना देवाज्ञा झाली, त्याला बाप आठवतच नाही. आता सत्तेचाळिशीत निदान चेहरा तरी पुन्हा पुन्हा बघू दे. पण तो त्या पानाला चिकटून बसलाय. स्वतःच्या ट्रकच्या धंद्याकडे लक्ष नाही. परवा मला म्हणाला, "आई, बाबा एग्झॅक्टली कसे गेले?" तुम्ही मला सांगितलं होतंत तेच मी सांगितलं. दोर तुटला, पाइप घरंगळले, हे खाली होते. तर म्हणाला, "रोप असाच तुटत नाही. समबडी लेट इट गो." आणि टेबलावर अशी मूठ मारली की काचेला तडा गेला.

त्याचा राग हल्ली वाढलाय. गेल्या महिन्यात त्याच्या एका ड्रायव्हरने उलट उत्तर दिलं म्हणून यतीनने ट्रेलरच्या दारात त्याचा हात धरून दार लोटलं. बोटं मोडली. तो बिचारा व्हिसाच्या भीतीने कुठे बोलला नाही.

ज्ञानदा सध्या माझ्याकडे राहायला आहे. सुनेचा हात प्लास्टरमध्ये आहे, जिन्यावरून पडली.

ह्यांचं नक्की काय झालं ते एकदा सविस्तर लिहा. म्हणजे मी यतीनला शांत करीन.

शोभना

---

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
८ सप्टेंबर

शोभना, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होतो. प्रीता म्हणाली, "बाबा, बीपीची गोळी घेतलीत ना?" अगं, गोळीचं काय घेऊन बसलीस! मॅककेरलचं नाव पुन्हा कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. प्रीताचं ऑफिसात काहीतरी नव्या औषधाचं चाललंय, रविवारी ती ते पान मला मोठ्या अक्षरांत लावून देणार आहे.

यतीनला सांग, आमच्या लॉऱ्या गडद निळ्या. दारावर पिवळी अक्षरं, रंगाऱ्याने हाताने काढलेली. प्रत्येक लॉरीच्या कपाळावर एक नाव. माझी अल्बियन, तिचं नाव होतं आयला. नंदूला नवी अ‍ॅटकिन्सन मिळाली तेव्हा म्हातारा मॅककेरल म्हणाला, "तूच नाव ठेव." त्याने ठेवलं वेंगुर्ला. आमचा बाप बोटीवर खलाशी म्हणून ग्लासगोला आला आणि त्याच्या धाकट्या पोराने वेंगुर्ल्याचं नाव ग्रेंजमथच्या बंदरात मिरवलं. इंजिन दोन सीटच्या मधोमध, त्याच्यावर गोधडी टाकलेली. हिवाळ्यात पाय भाजायचे आणि नाक गोठायचं. माझे कान त्या इंजिनाने खाल्ले, पण मी त्याला माफ केलंय.

आणि थॉर्नीबँकवाले. ते आमचे हाडवैरी. समुद्रातल्या तेलासाठी बंदरावर पाइप यायचे, ते कुणी उचलायचे यावरून जुंपलेली. त्यांनी आमचे टायर फाडले, आम्ही त्यांच्या काचा फोडल्या. त्यांनी आमच्या एका फिटरला धरून त्याचा हात लोखंड आवळून धरायच्या व्हाइसमध्ये घातला आणि पिळला. हाडं मोडल्याचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांना जेवण गेलं नाही. मग नंदू उठला. ड्रायव्हर लोकांच्या हॉटेलात चहाचा मोठा बंब असायचा, उकळता. नंदूने थॉर्नीबँकच्या एकाची मान धरून त्याचा गाल त्या बंबावर दाबून धरला. हॉटेलात कातडं भाजल्याचा वास पसरला. मी दारात उभा होतो, कुणी मध्ये पडू नये म्हणून. खरं सांगतो, धाकट्या भावाचा अभिमान वाटला. काळे म्हणून हिणवणारे त्या दिवसापासून वाट सोडायला लागले. वाघ होता तो.

मात्र आमच्यात एक नियम सगळे पाळायचे, वैरीसुद्धा. दुसऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही. माल ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, कारण ताण कुठे आहे ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्याच्या दोराला जो हात लावेल तो जिवावर उठला असं समजायचं, आणि त्याला तसाच धडा शिकवायचा. यतीनला विचार, पाठ असेल त्याला. सुट्टीत मी टेक्ससला आलो की झोपताना हेच ऐकायचं असायचं त्याला.

बाकी तू सांगितलंस ते बरोबरच आहे. दोर जुना होता, तुटला. दैवापुढे कुणाचं चालतं? पोराला म्हणावं, बापाचं मरण उकरू नकोस, बापाचं जगणं बघ.

ज्ञानदाला जपून चालायला सांग.

गुरुनाथ

---

फ्रिस्को
१३ सप्टेंबर

भावोजी,

तुमचं पत्र मी यतीनला वाचून दाखवलं. तिथेच चुकलं. दोराचा नियम आला तशी त्याने मला थांबवलं, तेवढंच पुन्हा वाचायला लावलं आणि मग फोनवर एक फोटो उघडून माझ्यापुढे धरला. हा फोटो त्याने मला आधी दाखवला नव्हता.

लॉरी ह्यांचीच, कपाळावर वेंगुर्ला लिहिलेलं. मागे अर्धा माल तसाच आहे. लॉरीशेजारी एक लालसर केसांचा माणूस, अंगात थॉर्नीबँकचा तपकिरी कोट. त्याचा एक हात ह्यांच्या दोरावर आहे, गाठ सोडतोय. दुसऱ्या काखेत काहीतरी लांब धरलंय, यतीन म्हणतो लोखंडी नळी. मागे माणसं रांगेत उभी आहेत आणि बघताहेत. कुणी अडवत नाही.

खाली त्या माणसानेच लिहिलंय. नाव डंकन रे. त्याने लिहिलंय की नंदू मयेकर गेला त्या आठवड्यातला हा फोटो, त्याचे दोर मी माझ्या हातांनी सोडले, आयुष्यात याहून मोठं काम केलं नाही. आणि त्याच्याखाली बाकीच्या म्हाताऱ्यांनी त्याला शाबासकी दिली आहे. यतीन एकेक शाबासकी मला मोठ्याने वाचून दाखवत होता.

मी म्हटलं, "अरे, गेल्यानंतरचा फोटो आहे ना हा?" तर म्हणतो, "सो ही केम बॅक टू शो ऑफ. काकांनी काय सांगितलंय, आई? रोपला हात लावणारा जिवावर उठलेला असतो. त्याने आधी लूज केला, बाबा मेले, मग परत येऊन फोटो काढला. आणि हे सगळे टाळ्या वाजवताहेत."

तो डंकन आता अमेरिकेत असतो. व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, मुलीच्या घरी. यतीनने त्याला निरोप पाठवला की मी नंदूचा मुलगा. त्याचं उत्तर लगेच आलं: ये बाळा, जरूर ये, तुझ्या बापाबद्दल तुला सांगायचंय. पत्ताही दिला, तो या पत्राच्या मागे लिहिलाय. यतीन ते वाचून हसला. तसं हसणं मी पूर्वी पाहिलंय.

पुढच्या आठवड्यात त्याने मुद्दाम तिकडचा माल घेतलाय. स्वतः चालवत जाणार आहे. ट्रकच्या केबिनमध्ये टायर उचकटायची पहार ठेवताना मी पाहिलं. विचारलं तर म्हणाला, "स्टे आउट ऑफ इट."

आणखी एक. ज्ञानदा जिन्यावरून पडली नाही. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून यतीनने तिचा हात ओट्याच्या कडेवर आपटला. ती माझ्या घरी लपून आहे, यतीनला वाटतं मैत्रिणीकडे आहे. तो दारात आला की ती न्हाणीघरात जाऊन बसते. तुम्हाला खोटं लिहिलं, कारण तोंडाला सवय आहे.

तेव्हा आता दैव वगैरे नको. डंकन रे कोण आणि त्याने काय केलं ते लिहा. त्या म्हाताऱ्याची मला ओळख नाही. माझा मुलगा खुनी होऊ नये एवढंच मला हवंय.

शोभना

---

कॅरी
१७ सप्टेंबर

शोभना,

तुझं पत्र आज दुपारी हातात पडलं. हे पत्र प्रीता जलद टपालाने टाकते आहे. तिने यतीनला फोन लावले, तो उचलत नाही. मग तिने मेसेज केला: फोटो तू चुकीचा वाचलास, काकांशी बोल. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. "काकांना सांग, नियम त्यांनीच शिकवला."

नियम अर्धाच शिकवला होता गं. उरलेला अर्धा सांगायचा तर नंदूचं मरण सांगावं लागलं असतं.

आमच्या भागातल्या यार्डांत रीत होती. ड्रायव्हर माल बांधल्यावर मेला, तर त्याच्या माणसांनी त्याच्या दोराला हात लावायचा नाही. त्याचं ज्याच्याशी सगळ्यात मोठं वैर, त्याने यायचं. दोन्हीकडच्या लोकांसमोर त्याने एकेक गाठ सोडायची, दोर नीट गुंडाळायचा आणि विधवेकडे पाठवायचा. मग त्या दोघांमधलं भांडण संपलं, आणि दोन्ही कंपन्यांनी त्याचा सूड घ्यायचा नाही. तुझ्याकडे दोराचं भेंडोळं आलं होतं, आठवतं? तू त्यावर पोराचे कपडे वाळत घालायचीस. तो डंकनने गुंडाळलेला दोर. ज्यांनी त्याला शाबासकी दिली त्यांनी यासाठी दिली.

आणि काखेत नळी नाही, कुबडी आहे. नळी नंदूच्या हातात होती.

त्या दिवशी डंकनने बंदरावर नंदूच्या आधी नंबर लावला, एवढंच. नंदू वजनकाट्याजवळ त्याला शोधत गेला आणि लोखंडी नळीने त्याचा गुडघा फोडला. तो पडला, तरी मारत राहिला. लोकांनी ओढून काढलं तेव्हा डंकनचा पाय भलतीकडेच वळलेला. नंदू यार्डात परत आला तो खुशीत. पाइप चढवून झाले होते, पण खालच्या पाचरी ठोकायच्या राहिलेल्या, दोर एकाच बाजूने ओढलेला. मी म्हटलं, "आधी माल बघ." तो म्हणाला, "आज मालाला कोण विचारतंय?" आणि चढला वर. पाइपांवर उभा राहून डंकन कसा ओरडला, कसा रडला, त्याची नक्कल करून दाखवायला लागला. लंगडून दाखवत होता. आम्ही खाली पोट धरून हसत होतो. मीही हसत होतो. मग पाइप सरकले. नंदू खाली आला आणि त्याच्यावर पाइप. आम्ही पाइप बाजूला केले तेव्हा ओळखायला चेहरा उरला नव्हता. म्हणून तुला शेवटचं बघू दिलं नाही.

मॅककेरल म्हणाला, पोलिसांना सांगायचं, दोर तुटला. तेच तुला सांगितलं. बायकोने नवऱ्याची चांगली आठवण जपावी असं मला वाटलं.

डंकन प्लास्टरातला पाय घेऊन इस्पितळातून आला. नाही म्हणाला असता तर कुणी दोष दिला नसता. नंदूच्या दोराच्या शेवटच्या गाठीशी तो फार वेळ अडला, आणि कुणीही मदतीला पुढे झालं नाही, कारण तशी रीत नव्हती.

आम्ही उद्या सकाळी गाडीने अ‍ॅशबर्नला निघतो. पोलिसांना कळवू नकोस, डंकनच्या घरीही नको, घरचं आहे, मी समजावीन. माझं ऐकतो तो.

गुरुनाथ

---

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
२३ सप्टेंबर

शोभना,

प्रीताने तुला फोनवर सांगितलंच. तरी मी पाहिलं ते लिहितो. प्रीता म्हणते लिहू नका, पण मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा घराभोवती पिवळी पट्टी बांधलेली होती. नवी कोरी वसाहत, सगळी घरं एकसारखी, आणि या एका घराच्या पायरीवर रक्त. डंकनचा जावई पाइपने पायरी धूत होता, पोलिसांनी परवानगी दिल्यावर. मला त्याने विचारलं, "तुम्ही कोण?" प्रीताने सांगितलं. त्याने पाण्याचा पाइप तसाच खाली टाकला आणि आत गेला.

झालं ते असं. डंकनने दार उघडलं. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, अजून लंगडतो. समोर यतीन, अगदी नंदूचा चेहरा. म्हातारा हसला आणि त्याने हात पुढे केला. यतीनने तो हात हातात घेतला, त्याला बाहेर ओढलं आणि दुसऱ्या हातातली पहार तोंडावर घातली. पडल्यावरही थांबला नाही. समोरच्या घरातली बाई किंचाळत बाहेर आली, तरी थांबला नाही. पोलिसांनी ओढून काढला.

डंकन जगला. जबडा तुटलाय, बरगड्या तुटल्यात, डावा डोळा काढावा लागला. मी इस्पितळात भेटायला गेलो. त्याच्या मुलीला वाटलं मला हाकलावं, पण त्याने हाताने खूण करून बसवलं. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो, म्हणजे त्याला दिसावं, आणि त्याने माझ्या कानापाशी तोंड आणलं, म्हणजे मला ऐकू यावं. तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हणाला, "बापाने गुडघा घेतला, पोराने डोळा. नातू आहे का कुणी?" मी नाही म्हटलं. "बरं आहे," म्हणाला.

यतीनला काउंटी जेलमध्ये पडद्यावर भेटलो. प्रीता मोठ्या अक्षरांत लिहून मला दाखवत होती. मी त्याला नियमाचा दुसरा अर्धा सांगितला. तो पडद्याच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "काका, त्याने हात पुढे केला ना, मला वाटलं ही इज मॉकिंग मी. हा भाग तुम्ही मला का नाही सांगितलात?" पोराला झोपवताना माणूस जिंकल्याच्या गोष्टी सांगतो, हरल्याच्या सांगतो का?

पण रडला नाही, शोभना. पाठ ताठ होती. नंदूसारखाच.

आता कामाचं. वकील चांगला मिळालाय. सोमवारी जामिनाची सुनावणी आहे. वकील म्हणतो, खटला उभा राहीपर्यंत यतीनला आईच्या घरी फ्रिस्कोला राहू द्या असा अर्ज करू, पायाला ते माग ठेवणारं यंत्र बांधून. तू व्हिडिओवर ये. न्यायाधीश तुला दोन-चार प्रश्न विचारतील. सांग, मुलगा शांत स्वभावाचा, कष्टाळू, याआधी कुणावर हात उचलला नाही, बापाच्या आठवणीने डोकं फिरलं. ज्ञानदाचं काही काढू नकोस. ती पडली, असंच राहू दे. त्या ड्रायव्हरची बोटंही नकोत. एवढं केलंस तर पोरगा दिवाळीला घरी असेल. बाहेर आला की मी स्वतः येऊन राहीन तुमच्याकडे, समजावीन त्याला.

काही झालं तरी आपलं रक्त आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुरुनाथ

---

फ्रिस्को
३० सप्टेंबर

भावोजी,

निकाल तुम्हाला वकिलाकडून कळला असेल. मी फोन उचलत नाही म्हणून प्रीता रागावली आहे. तिला हे पत्र वाचायला द्या.

तुम्ही लिहिलंत, बायकोने नवऱ्याची चांगली आठवण जपावी असं वाटलं. नंदूची आठवण. आता नावानेच लिहिते, 'हे' म्हणायचा कंटाळा आला. नंदू कसा मेला ते मला तुमच्या पत्रातून कळलं, पण तो कसा होता ते कळायला मला पत्र कशाला हवं होतं? त्याने माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा यतीन पोटात होता. फॉल्कर्कच्या इस्पितळात मला तुम्हीच घेऊन गेलात, तुमच्या त्या आयला लॉरीतून. वाटेत म्हणालात, "डॉक्टरला सांग, बर्फावरून घसरले." मी सांगितलं. तुम्ही बाहेर गाडीत बसून राहिलात. नंतर माझ्या हातावर एक संत्रं ठेवलंत आणि म्हणालात, "वाघ आहे, पण मनाने वाईट नाही." ते संत्रं मी खाल्लं. भूक लागली होती.

पाइप पडून तो मेला असं तुम्ही दारात येऊन सांगितलंत, तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं माहीत आहे? आज रात्रीचा स्वयंपाक कसाही झाला तरी चालेल. रडले मागाहून, आणि खरोखर रडले. नवरा होता. पण आधी हे वाटलं.

त्याचा दोर मी कपडे वाळत घालायला वापरला तो प्रेमाने नाही. चांगला दोर होता. डंकन रेने गुंडाळून दिला हे ठाऊक असतं तर त्या माणसाला जेवायला बोलावलं असतं.

मग मी पोराला घेऊन अमेरिकेत आले. म्हटलं, त्या यार्डापासून, त्या लॉऱ्यांपासून समुद्र ओलांडून लांब जाऊ. आणि दर सुट्टीत तुम्ही यायचात आणि माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर बसून त्याला बंबावर भाजलेल्या गालाची गोष्ट सांगायचात. तो हसायचा. तुम्ही हसायचात. मी चहा करायचे. नियमाचा अर्धा भाग तुम्ही गाळलात, असं तुम्हाला वाटतंय. भावोजी, तो अर्धा सांगितला असतात तरी त्याने पहिलाच अर्धा घेतला असता. तुम्ही तो किती रंगवून सांगायचात.

काल सुनावणी झाली. मी चांगली साडी नेसून टेबलाशी बसले. ज्ञानदाने एका हाताने लॅपटॉप लावून दिला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. पडद्याच्या एका चौकोनात यतीन, नारिंगी कपड्यात. दाढी वाढलेली, एका डोळ्याखाली सुजलेलं. तिथेही कुणाशी तरी मारामारी झाली असणार. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, शाळेतून न्यायला गेले की उजळायचा तसा.

वकिलाने तुमचंच सगळं सांगितलं. शांत, कष्टाळू, वगैरे. मग न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, "तुमच्या मुलाला तुमच्या घरी ठेवून घ्यायला तुम्ही तयार आहात का?"

मी 'नो' म्हटलं.

वकील घाईने म्हणाला, आईंना प्रश्न नीट समजला नसेल, दुभाषी मिळेल का? मी म्हटलं, मला चांगला समजला. मी चाळीस वर्षं इथे राहते. मग मी ज्ञानदाला हाक मारली आणि म्हटलं, ये, इथे माझ्याशेजारी बस. ती आली. प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून बसली. मी न्यायाधीशांना म्हटलं, ही माझी सून, हिचा हात त्याने मोडला, ही पडली नव्हती. त्याच्या एका ड्रायव्हरची बोटं त्याने दारात चिरडली. त्या म्हाताऱ्याचं त्याने काय केलं ते तुमच्याकडे आहेच. त्याला सोडलंत तर तो आधी या घरी येईल. मी त्याची आई आहे आणि मला त्याची भीती वाटते.

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं, तेही इंग्रजीत. मराठीत जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.

यतीन म्हणाला, "आई?" एकदाच. मग त्याने कॅमेऱ्याकडे पाठ केली. न्यायाधीशांनी जामीन नाकारला. खटला होईपर्यंत तो आतच राहील, आणि त्यानंतरही किती वर्षं कोण जाणे. तुम्ही मला वैरीण म्हणाल. म्हणा. आमच्या घरी राहायला मात्र येऊ नका, आणि त्याला जेलमध्ये भेटाल तेव्हा लॉऱ्यांच्या गोष्टी सांगू नका. डंकन रेंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बोलावलं तर मी येऊन जाईन, त्यांच्या मुलीची हरकत नसेल तर.

सुनावणी संपल्यावर आम्ही दोघी जेवलो. पिठलं केलं होतं. मीठ जास्त पडलं होतं, ज्ञानदाने सांगितलं आणि दोघींनी तसंच खाल्लं. मग ती आतल्या खोलीत जाऊन झोपली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा दाराला आतून खुर्ची न लावता. तिचं घोरणं बाहेर ऐकू येत होतं. मी भांडी घासायला घेतली आणि ती हातात तशीच राहिली. खाली बसून खूप रडले. माझा मुलगा आहे तो, भावोजी. माझा एकुलता एक मुलगा आहे.

शोभना